मागच्या सीटवर मांडी घालून बसलं तर चालतं का? कारमध्ये नीट कसं बसायचं?

ताई, तुम्ही लिहिलंय की परभणीहून तुळजापूरला कारने निघायचंय, तुम्ही दोघं, सासू-सासरे आणि चार वर्षांची मुलगी. सासरे मागे मांडी घालून बसतात, बेल्ट नको म्हणतात, तर चालेल का? नाही चालणार. मी छत्रपती संभाजीनगरहून भाड्याची गाडी चालवतो. देवदर्शनाचं भाडं असलं की हा मांडीचा विषय निघतोच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बेल्ट माणसाला धरतो तो हाडांवर. खालचा पट्टा पोटावर नको, त्याच्या खाली, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट पाहिजे. वरचा पट्टा गळ्याला न घासता खांद्याच्या मधोमध येऊन छातीवरून उतरला पाहिजे. काखेतून किंवा पाठीमागून काढायचा नाही. गाडी धडकली की सगळा झटका या पट्ट्यावर येतो. हाडं तो सोसतात, पोट सोसत नाही. मांडी घातली की कंबर मागे कलते, पट्टा हाडावरून सुटून पोटावर चढतो आणि आत आतडी, यकृत असतं. सीट मागे पाडून झोपणाऱ्याचंही तेच होतं, तो पट्ट्याखालून पुढे सरकतो.

सासूबाईंना बसवताना पदर आणि शाल पट्ट्याच्या वरून घ्या. नऊवारी असेल तर कमरेला निऱ्यांचा फुगा येतो आणि पट्टा त्याच्यावरच अडकतो. तो फुगा हाताने दाबून पट्टा खाली ओढा, मग वरचा पट्टा ओढून ढिलाई काढा. मी हे प्रत्येक मावशीला स्वतः सांगतो, लाजत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मागच्या सीटची बक्कलं शोधून ठेवा. आपल्याकडे रेक्झिनचं कव्हर चढवताना पुष्कळदा बक्कल आत दाबलं जातं आणि मग "मागे बेल्टच नाही" असं घरचे सांगतात. कव्हर उचकटून ते वर काढा. बेल्टचा आवाज बंद करणारी क्लिप कुणी लावली असेल तर काढून फेका. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या ऑनलाइन विकायलाही मनाई केली.

"मागे काय होतंय?" असं सासरे म्हणतील. वाटेत परळी लागेल. तिथले गोपीनाथ मुंडे साहेब 3 जून 2014 ला दिल्लीत, शहरातल्या रस्त्यावर गाडीच्या अपघातात गेले. ते मागच्या सीटवर होते, बेल्ट नव्हता. उद्योगपती सायरस मिस्त्री 4 सप्टेंबर 2022 ला पालघरजवळ अपघातात गेले, तेही मागेच, बेल्टविना. ताशी 50 किलोमीटरच्या वेगात गाडी एकदम अडली की मागचं मोकळं माणूस त्याच वेगाने पुढे जातं, म्हणजे साधारण 10 मीटर उंचीवरून पडल्यासारखं. ते पुढच्या सीटवर आदळतं आणि पुढच्यालाही घेऊन जातं. मागच्यांनीही बेल्ट लावायचा हा कायदाच आहे, आणि 14 वर्षांखालच्या लेकराला बांधलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे.

लेकराला मांडीवर घेऊ नका. धडकेत कुणाच्याही हातात लेकरू टिकत नाही. स्वतःच्या पट्ट्यात तिला घेतलंत तर तुमच्याच वजनाखाली ती चिरडेल. तिच्यासाठी चाइल्ड सीट घ्या, मागेच बसवा. उंची साधारण 145 सेंटीमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा तिच्या गळ्यावर आणि पोटावरच येणार, म्हणून चाइल्ड सीट लहान पडली की बूस्टर, म्हणजे तिला उंच बसवणारी बैठक, लागेल.

गाडी चालवणाऱ्याची छाती स्टिअरिंगपासून किमान 25 सेंटीमीटर लांब पाहिजे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या उंचीला आणा. डॅशबोर्डवर पाय कुणीच टाकायचे नाहीत, एअरबॅग उघडली तर मांडीचं हाड मोडतं.

तुमच्या जागी मी असं बसवलं असतं: सासरे पुढे, सीट पूर्ण मागे सरकवून आणि पाठ उभी ठेवून, म्हणजे पाय लांब करता येतात आणि मांडीची गरजच राहत नाही. मागे एका खिडकीशी मुलीची सीट, दुसरीकडे सासूबाई, मध्ये तुम्ही. मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असेल तर तोही लावाच. अंबाजोगाई आणि लातूरला उतरून सासऱ्यांना थोडं चालवा. येताना प्रसादाचे नारळ आणि स्टीलचे डबे मागच्या काचेजवळ ठेवू नका, ब्रेक लागला की थेट डोक्यात येतात. सगळं डिकीत टाका.