जुन्या गिअरच्या सायकलला इलेक्ट्रिक करायला ४८ व्होल्ट १००० वॉटचं किट बसवावं का?

स्टीलची जुनी गिअरवाली सायकल, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत रोजची ये-जा मिळून १८ किलोमीटर, आणि दुकानदार म्हणतोय १००० वॉटचंच घ्या. माझं उत्तर: नको. मागच्या चाकात ३६ व्होल्ट २५० वॉटची गिअर्ड हब मोटर (चाकाच्या मधोमध बसणारी, आत गिअर असलेली मोटर) टाका आणि वाचलेले पैसे बॅटरीत घाला.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत मोटर २५० वॉटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असलं तरच ती गाडी ‘मोटार वाहन’ धरत नाहीत. १००० वॉट लावलं की नोंदणी आणि लायसन्स दोन्ही लागतात, आणि घरी जोडलेल्या सायकलची नोंदणी कोण करून देणार? शिवाय सायकलचे रबरी ब्रेक त्या वेगासाठी नसतातच.

मोटर घेण्याआधी मागच्या चिमट्याच्या, जिथे चाकाचा एक्सल बसतो त्या दोन खाचांमधलं अंतर मोजा. गिअरच्या सायकलला ते बहुधा १३५ मिलिमीटर असतं, साध्या सायकलला कमी. जुन्या चाकाचं फ्रीव्हील (चेन बसते ती दातेरी चक्रं) आट्यांवर फिरून निघत असेल तर तेच मोटरवर चढतं.

खरी गोम एक्सलची. हब मोटरचा एक्सल १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी घासून १० मिलिमीटर सपाट केलेला असतो. चाक पुढे ढकललं जातं तेव्हा एक्सल तितक्याच जोराने उलटा फिरू पाहतो. ३५ न्यूटन-मीटरचा टॉर्क (फिरवणारा जोर) १० मिलिमीटरच्या सपाटीवर रोखायचा म्हणजे खाचेच्या कडांवर साधारण ३५० किलोचा दाब. स्टीलची खाच हळूहळू फाकते, अॅल्युमिनियमची तडकते. एकदा का एक्सल फिरला की त्यातून निघणारी वायर पिळवटून तुटते, मोटरला वीज देणाऱ्या तीन तारा (फेज) एकमेकांना चिकटतात आणि मोटर चालवणाऱ्या डब्यातले, म्हणजे कंट्रोलरमधले, वीज चालू-बंद करणारे मॉस्फेट उडतात. म्हणून टॉर्क आर्म, म्हणजे एक्सलला फिरू न देणारी, फ्रेमला पक्की बांधलेली पट्टी, दोन्ही बाजूंना लावा. तयार मिळाला नाही तर एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ६ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या पट्टीचा करून घ्या. भोक एक्सलच्या आकाराचं आणि घट्ट हवं. हाताने हलला तर तो आर्म नुसता शोभेचा. वॉशरला एक दात असतो, तो खाचेत नीट बसवा. वायर एक्सलमधून निघते तिथे तोंड खाली ठेवा आणि वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी मोटरमध्ये न जाता खाली ठिबकेल.

बॅटरीसाठी सोलापूरच्या उन्हात मी लिथियम फेरो फॉस्फेटच घेईन. नेहमीच्या एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) लिथियम बॅटरीपेक्षा जड आहे, पण उष्णता जास्त सोसते आणि टिकतेही जास्त. ३२७०० मापाचे ६ अँपिअर-अवरचे २४ सेल, १२ सिरीज २ पॅरलल (दोन-दोन सेलच्या बारा जोड्या एकापुढे एक): ३८.४ व्होल्ट, १२ अँपिअर-अवर, म्हणजे ४६० वॉट-अवर. पेडल मारत गेलात तर किलोमीटरला १० ते १२ वॉट-अवर जातात, पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर (हँडलवरच्या अॅक्सिलरेटरवर) १५ ते १८. हिशोब मात्र जून-जुलैच्या संध्याकाळचा करा: पश्चिमेचा वारा असतो आणि शहराकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. तेव्हाही ही बॅटरी पुरून उरते.

चार्जर ४३.८ व्होल्टचा हवा. ४२ व्होल्टचा एनएमसी पॅकसाठी असतो, त्याने ही बॅटरी पूर्ण भरत नाही. उलटी अदलाबदल जास्त धोक्याची, कारण एनएमसीचा प्रत्येक सेल ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्टकडे ढकलला जातो आणि सगळी भिस्त बीएमएसवर, म्हणजे बॅटरीतल्या संरक्षक सर्किटवर, राहते. एप्रिल-मेमध्ये उन्हातून आल्या आल्या चार्जिंगला लावू नका. सेल ४५ अंशांखाली यायला हवेत, तासभर सावलीत ठेवा. आणि चार्ज होत असताना वर चादर टाकू नका, सोलापुरी असली तरी.

पॅकवर १२ अँपिअर-अवर लिहिलंय म्हणून तेवढं असतंच असं नाही. मोटरसायकलच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ३५ वॉटचे तीन बल्ब सिरीजमध्ये जोडा, बॅटरी आणि बल्बच्या मध्ये, किती वीज गेली ते मोजणारं वॉटमीटर लावा, बल्ब फरशीवर ठेवा. साधारण ३ अँपिअर जातील, म्हणजे जवळपास चार तास लागले पाहिजेत. ३२ व्होल्टला थांबा. वॉटमीटरवर साडेदहा अँपिअर-अवरच्या खाली आकडा आला तर पॅक परत करा.

कंट्रोलर १५ अँपिअरचा, आणि बॅटरीच्या प्लसला, अगदी तोंडाशी, २० अँपिअरचा फ्यूज. ब्रेक दाबताच मोटर बंद करणाऱ्या लिव्हर घ्याच. थ्रॉटल अडकला तर त्याच वाचवतात.

पहिली चाचणी चाक उचलून. मोटर थरथरली आणि फिरली नाही तर हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) तपासा: ५ व्होल्टचा पुरवठा चालू ठेवून एकेका सिग्नल वायरवर मीटर धरा आणि चाक हाताने उलटं फिरवा. गिअर्ड हबमध्ये एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, सुलटं फिरवलं तर आतली मोटर फिरतच नाही आणि चांगला सेन्सरही मेलेला वाटतो. तिन्ही वायरींवर शून्य आणि पाच असा खेळ दिसला पाहिजे. तो दिसूनही थरथर असेल तर फेजच्या वायरींचा क्रम चुकलाय.

मग रस्त्यावर. पूर्ण थ्रॉटलला व्होल्टेज दोन-तीनने उतरणं ठीक; पाचने उतरलं तर एखादा सेल किंवा सांधा कच्चा. पहिल्या ५ किलोमीटरनंतर एक्सलचे नट पुन्हा आवळा, शंभरेक किलोमीटरनंतर स्पोक. नव्याने विणलेल्या चाकाचे स्पोक सैल होतातच, आणि तसंच चालवलं तर ते हबपाशी तुटायला लागतात.