किंग सामन दिसतो पण लागत नाही: ऑगस्टअखेर ल्युअर (नकली आमिष) कोणते?

मिलवॉकीसमोर मिशिगन तळ्यात साठ-सत्तर फुटांत सोनारवर मोठे मासे दिसतायत, जुलैभर चाललेले स्पून (चमच्यासारखे धातूचे ल्युअर) ऑगस्टअखेर एकदम बंद पडलेत, आता कोणते रंग घेऊ, हा तुमचा प्रश्न वाचला. अगदी हेच मी भोगलंय, म्हणून सविस्तर लिहितो. डाउनरिगर (तारेला जड गोळा, म्हणजे बॉल, लावून ल्युअर खोल नेणारं यंत्र) आणि डिप्सी (ल्युअर खाली नि बाजूला ओढणारी चकती) कसं लावायचं ते तुम्हाला येतंच, ते सोडून देतो.

रंगांवर आत्ता पैसे घालू नका. जुलैत किंग अलवाइफ या छोट्या माशांच्या मागे असतो, भुकेला असतो, म्हणून चमकणारा स्पून चालतो. आता बंदरासमोर जमलेत ते वयात आलेले मासे. हा मुळात पॅसिफिकचा मासा, १९६७ पासून मिशिगन तळ्यात सोडतात, आणि पिल्लं जिथे सोडली तिथेच ती मोठी होऊन परतू बघतात. परतीच्या वाटेवर खाणं जवळपास सुटलेलं असतं. तोंड मारतात ते चिडून. तेव्हा आमिष रुचकर दिसून भागत नाही, त्याने माशाचं डोकं उठवलं पाहिजे.

माझ्या मते त्यासाठी दोनच गोष्टी: फ्लॅशरमागे (पाण्यात गरगरणारी चकचकीत पट्टी) फ्लाय (झिरमिळ्यांचं ल्युअर), आणि जे-प्लग (माशाच्या आकाराचं, डुलत जाणारं टणक ल्युअर). आठ इंची फ्लॅशर असेल तर फ्लाय साधारण बावीस ते सव्वीस इंच मागे ठेवा. मासा सुस्त वाटला तर लीडर (फ्लॅशर आणि फ्लाय यांमधला दोरा) थोडा आखूड करा, फ्लायला झटका जास्त बसतो. लीडर जाड, पन्नास पौंडी मोनोचा (एकपदरी नायलॉनचा) घ्या. मऊ, बारीक लीडर फ्लॅशरचा झटका फ्लायपर्यंत पोचवतच नाही. पहाटेच्या अंधारात ग्लो (अंधारात उजळणारा रंग), उजाडल्यावर हिरवा किंवा निळा, रंगांचं पुराण माझ्यापुरतं इथेच संपतं. प्लग मात्र पांढरट मोतिया आणि चंदेरी असे दोन तरी ठेवा. नव्या प्लगचा गळही नखावर टेकवून बघा, घसरला तर धार लावा.

खरा खेळ वेगाचा आहे, आणि तोही वरच्या नव्हे, खाली बॉलपाशी असलेल्या वेगाचा. जीपीएस ताशी अडीच मैल दाखवतो तेव्हा खालच्या प्रवाहामुळे तुमची फ्लाय दीडनेही चाललेली असू शकते.

हे एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. बॉलपाशी वेग आणि तापमान मोजणारा माझा प्रोब एका जुलैत मुका झाला. दुरुस्तीला पाठवला. कुठे ते सांगत नाही, उगाच इथे भांडण नको. आधी उत्तर आलं, "रांगेत आहे." मग मूळ बिलाची प्रत मागितली, जी खोक्यात घालूनच पाठवली होती. मग म्हणे बॅटरी तपासून बघा. अहो, यंत्र तुमच्याकडे, मी काय तपासू? फोनवर दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून हरिकथा. यंत्र घरी आलं तोवर बोट ताडपत्रीखाली गेली होती. अख्खा हंगाम गेला, आणि त्या ऑगस्टात घेतलेले रंगीबेरंगी स्पून अजून गॅरेजात लटकतायत. तेव्हा प्रोब असेल तर मे महिन्यातच पाण्यात सोडून तपासा. हंगामात बिघडला तर कुणाचा तरी उसना मागा, पण पोस्टात टाकू नका.

प्रोब नसेल तर डाउनरिगरच्या तारेकडे बघा. मासा लागला तेव्हा तार जेवढी मागे झुकली होती तेवढीच झुकलेली ठेवा, मग वरचा आकडा काहीही असो. उत्तरेला जाताना मासे लागतात आणि दक्षिणेला वळलं की बंद, असं झालं तर खाली प्रवाह आहे समजा आणि परतीला वेग बदला.

स्पून फेकून मात्र देऊ नका. बाहेर खोल पाण्यात अजून वयात न आलेले किंग अलवाइफ खातच असतात, तिथे स्पून आजही चालेल. आणि पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस टिकला की वरचं गरम पाणी तळ्याच्या मध्याकडे ढकललं जातं, आपल्या काठाला थंड पाणी वर येतं. तेव्हा डिझेल जाळत लांब जायची गरज नसते, अगदी धक्क्यालगत मासे येतात.

विषयांतर: अंगाने काळपट-तपकिरी झालेला किंग स्वयंपाकघरात नेऊ नका, मांस फिकं आणि लिबलिबीत लागतं, कितीही कोकम-आलं-लसूण चोळा. चंदेरी असेल तर खुशाल रवा लावून तळा, पण कातडी आणि पोटाकडची चरबी आधी काढा. मोठ्या किंगमध्ये पीसीबी ही घातक औद्योगिक रसायनं साठतात, किती खावा याबद्दल राज्याच्या सूचना आहेत, त्या वाचा.

मी चार्टरवाला (भाड्याने बोट नेऊन मासेमारी करवणारा) नाही, हौशी माणूस. ऑंटारियो तळ्यावरची मंडळी लीडरच्या लांबीवरून माझ्याशी वाद घालतील, घालू देत. तुमचा बॉल किती पौंडांचा आहे ते मात्र कळवा. आठचा असेल तर साठ फुटांवर तार एवढी मागे जाते की काउंटरवरची (सोडलेली तार मोजणाऱ्या आकड्यावरची) खोली खरी धरता येत नाही, आणि मग प्लग घेण्याआधी बाराचा बॉल घ्या असंच मी म्हणेन.