सीबीसीचा भागाकार आणि आदल्या रात्रीची गोळी

नेरुळच्या एका ताईंनी विचारलंय: आईला ओव्हरीचा कॅन्सर आहे, दुसऱ्या केमोच्या दिवशी सकाळी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) केली, न्यूट्रोफिल 78 टक्के आणि लिम्फोसाइट 13 टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशींचे प्रकार), म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागून येणारा रेशो, एनएलआर, 6, आणि नेटवर लिहिलंय जास्त असला की वाईट. आईचं काही खरं नाही का?

ताई, भागाकार बरोबर केलात, पण दिवस चुकीचा निवडलात. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाआधी रिॲक्शन येऊ नये म्हणून डेक्साच्या (डेक्सामेथासोन, एक स्टिरॉइड) गोळ्या देतात ना, त्या बहुतेक आईंनी आदल्या रात्री घेतल्या असणार, आणि डेक्साने न्यूट्रोफिल वर जातात, लिम्फोसाइट खाली येतात, मग रेशो फुगणारच की. पांढऱ्या पेशींचा काउंट वाढवायचं इंजेक्शन घेतलं असेल, लघवीचं इन्फेक्शन असेल, दाढ सुजली असेल, तरी तेच. आता खरी गोष्ट अशी, की ट्रीटमेंटच्या आधी ज्यांचा एनएलआर जास्त असतो त्यांचा आजार सरासरीने जास्त अवघड जातो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, पण सरासरीने, आणि कट-ऑफ कोणी 3 धरतं कोणी 5. तुमच्या आईंचं पुढे काय हे स्टेज, गाठीचा प्रकार, ऑपरेशनमध्ये किती गाठ मागे राहिली आणि केमोला कसा रिस्पॉन्स आहे यावर ठरतं, एनएलआर बघून कोणी केमो बदलत नाही.

कळव्याहून: बायकोला ओव्हरीचाच कॅन्सर, प्लेटलेट 5 लाख 40 हजार. डेंग्यूत कमी होतात म्हणून घाबरतो, या जास्त आहेत तर चांगलंच ना?

नाही हो दादा. गाठीमुळे आयएल-6 नावाचं केमिकल वाढतं, ते लिव्हरला थ्रोम्बोपोएटिन (प्लेटलेट बनवायला सांगणारं हॉर्मोन) बनवायला लावतं आणि प्लेटलेट वाढतात, म्हणून जास्त प्लेटलेट या आजारात चांगली खूण धरत नाहीत. अर्थात लोह कमी असलं तरी वाढतात, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासायला सांगा. आणि एकच पाय सुजला किंवा अचानक दम लागला तर पुढच्या ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत न्या, रक्ताची गुठळी असू शकते.

घणसोली: एका लॅबमध्ये सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) 1.2, दुसरीकडे 12. दहापट वाढला?

युनिट बघा! पहिला मिलिग्रॅम पर डेसिलिटर, दुसरा पर लिटर, आकडा एकच आहे. (हा घोळ मी दर महिन्याला बघते.) कॅन्सरच्या पेशंटचा सीआरपी पर लिटरमध्ये 10 च्या वर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) पर डेसिलिटर 3.5 ग्रॅमच्या खाली, दोन्ही एकदम असेल तर आम्ही जास्त लक्ष देतो, कारण मग पेशंटचं खाणं-वजन आधी सावरावं लागतं.

ठाणे पश्चिम: सोसायटीच्या कॅम्पमध्ये ईएसआर (सूज दाखवणारी आणखी एक रक्ततपासणी) 38 आला, वय 54, गर्भाशयाचा कॅन्सर असेल का?

ईएसआरवरून ते कळतच नाही, वयाने आणि हिमोग्लोबिन कमी असलं तरी तो वाढतो. पॅप किंवा एचपीव्ही टेस्ट राहिली असेल तर ती करा, ती गर्भाशयाच्या मुखासाठी. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत एक डाग जरी दिसला, तर मग ईएसआर नॉर्मल असो नसो, त्याच आठवड्यात गायनॅककडे जा.