इतके इलेक्ट्रॉन असूनही फ्री-इलेक्ट्रॉन लेझरचा प्रकाश दर स्पंदाला का बदलतो?

तुमचा प्रश्न असा: एक्स-रे फ्री-इलेक्ट्रॉन लेझरमध्ये (वेगवान मोकळ्या इलेक्ट्रॉनांकडून एक्स-रेचे स्पंद, म्हणजे क्षणिक झोत, काढणारं यंत्र) एका गुच्छात अब्जावधी इलेक्ट्रॉन असतात, मग सगळ्यांची सरासरी होऊन प्रकाश स्थिर का येत नाही? यंत्रातच खोट असते का?

खोट नसते. पीएचडी करताना मीही याच जागी अडलो होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

गोंधळ 'सरासरी' या शब्दात आहे. इथे बेरीज तीव्रतांची होत नाही, लहरींची होते. मोकळ्या मैदानात उभे राहा आणि हजार पावलं टाका, प्रत्येक पाऊल वाटेल त्या दिशेला. निघालात तिथून किती लांब पोचाल? बहुधा तीसेक पावलांच्या आसपास; पण एखाद्या खेपेला पाचच, एखाद्या खेपेला साठ. आता हजाराऐवजी दहा लाख पावलं टाका. अंतर वाढेल, पण खेपेखेपेतला फरक त्याच प्रमाणात राहील. प्रत्येक इलेक्ट्रॉनची लहर म्हणजे असं एक पाऊल, आणि तीव्रता म्हणजे त्या अंतराचा वर्ग. संख्या कितीही वाढवा, या चढउताराचं प्रमाण घटत नाही; तीव्रतेचा चढउतार तिच्या सरासरीइतकाच, म्हणजे 100 टक्के, राहतो. हे पटायला मला बरेच दिवस लागले.

ढोलपथकाशी ताडून बघा. ताशाने ठेका दिला की सगळे ढोल एका तालात पडतात. इथे ताशाच नाही. अनड्युलेटरच्या उलटसुलट चुंबकांमधून जाताना इलेक्ट्रॉन आपल्याच विस्कळीत प्रकाशाच्या ओढीने एकेका तरंगलांबीच्या अंतरावर गोळा होतात, आणि सुरुवातीचा तो गोंगाटच लाखो पटींनी वाढत जातो. याला 'सासे' (SASE, म्हणजे आपोआप निघालेला प्रकाश स्वतःच वाढत जाणं) म्हणतात; कोंद्रातेंको आणि साल्दिन यांनी 1980 मध्ये ही कल्पना मांडली.

मग प्रत्यक्षात चढउतार 100 टक्के का दिसत नाही? कारण गुच्छाच्या पुढच्या टोकाला मागच्या टोकाची खबर नसते. एका स्पंदात एकमेकांशी संबंध नसलेले अनेक तुकडे असतात, आणि सरासरी होते ती या तुकड्यांची. तुकडे 16 असतील तर चढउतार साधारण 25 टक्के, 100 असतील तर 10 टक्के. हाच हिशोब उलटा करून चढउतारावरून स्पंदाची लांबी काढता येते, आणि मला तरी ही या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. मात्र हे प्रकाश संपृक्त होण्याआधीचं, म्हणजे त्याची वाढ थांबण्याआधीचं गणित आहे. संपृक्त झाल्यावर चढउतार बराच कमी होतो.

एका रात्रपाळीत आम्ही मोनोक्रोमेटर (तरंगलांबीचा अरुंद पट्टाच पुढे सोडणारं उपकरण) आत सरकवला. तोवर माझ्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (कोणत्या तीव्रतेचे किती स्पंद, याचा आलेख) घंटेसारखा होता. काही मिनिटांत तो शून्यापाशी सगळ्यात उंच आणि उजवीकडे उतरत गेलेला दिसू लागला. मला वाटलं डिटेक्टर गेला. शेजारच्या सीनियरने काही न बोलता मोनोक्रोमेटरच्या आधी बसवलेल्या, स्पंदाची तीव्रता मोजणाऱ्या गॅस डिटेक्टरचा आलेख उघडला. तिथे घंटा जशीच्या तशी होती. अरुंद पट्टा निवडल्यामुळे अनेक तुकड्यांऐवजी जवळजवळ एकच उरला होता, आणि मैदानातली ती चाल पडद्यावर उघडी दिसत होती.

ताशा बाहेरून देता येतो. इटलीत त्रिएस्तेच्या फर्मी लेझरमध्ये बाहेरच्या लेझरने सुरुवात करून देतात, आणि तिथला प्रकाश खूपच स्थिर असतो. स्टॅनफर्डच्या एलसीएलएस या एक्स-रे लेझरमध्ये 2012 मध्ये हिऱ्याच्या स्फटिकातून स्वतःचाच प्रकाश गाळून बीज, म्हणजे सुरुवातीचा ठेका, म्हणून वापरला. त्याने वर्णपट अरुंद झाला, पण बीजच गोंगाटातून आलेलं असल्याने तीव्रतेचा चढउतार राहिलाच.

काही भाग यंत्राचाही असतो, हे खरं. गुच्छाची ऊर्जा आणि प्रवाह दर वेळी थोडा हलतो. म्हणून विश्लेषण करताना इलेक्ट्रॉनच्या नोंदी प्रत्येक स्पंदासोबत ठेवा, त्यांत फारसा फरक नसलेले स्पंद वेगळे काढा आणि फक्त त्यांचा हिस्टोग्राम काढा. तिथेही पसरट घंटा राहिली, तर ती या प्रकाशाची स्वतःची आहे.