सरकारी कचेरीतलं ओपन सोर्स : वाचकांचे प्रश्न

निविदांचा हंगाम आला की तेच प्रश्न पुन्हा येतात. म्हणून एकत्रच उत्तरं देतो. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा मूळ कोड (सोर्स कोड) कुणालाही पाहता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर.

प्रश्न : केंद्राने ओपन सोर्स सक्तीचं केलंय म्हणे. आमच्या नगरपरिषदेतलं विंडोज काढावं लागेल का?

नाही. केंद्राचं २०१५ चं धोरण नव्या ई-गव्हर्नन्स प्रणालींसाठी आणि जुन्यांच्या नव्या आवृत्त्यांसाठी आहे. ते केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे. राज्यांना, त्यांनी स्वीकारलं तर. ओपन सोर्सला पसंती द्या आणि ते वगळायचं तर पुरवठादाराने कारण द्यावं, असं त्यात म्हटलंय. ‘म्हणे’वर खरेदी करू नका, जिल्ह्याच्या एनआयसी (केंद्र सरकारची संगणक सेवा संस्था) कार्यालयाला विचारा.

प्रश्न : पण ते फुकट असतं ना?

परवाना बहुधा फुकट. बसवणं, शिकवणं, देखभाल यांचे पैसे पडतात.

प्रश्न : कोड सगळ्यांना दिसतो, मग हॅकरला सोपं नाही का?

हार्टब्लीड (२०१४) आणि लॉगफोरशेल (२०२१) या दोन्ही गाजलेल्या त्रुटी ओपन सोर्समधल्याच. दुरुस्त्या लगेच आल्या. ज्यांनी त्या लावल्या नाहीत ते धोक्यात राहिले. बंदिस्त सॉफ्टवेअरलाही हेच लागू. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून तपासणी करून घ्या.

प्रश्न : मालमत्ता कराचं सॉफ्टवेअर ‘ओपन सोर्स’ म्हणून घेतलं. करार मार्चअखेर संपतोय, कंत्राटदार सोर्स कोड देत नाही.

मग ते ओपन सोर्स नाही. खाली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस, दोन्ही ओपन सोर्स; वर त्याने लिहिलेली करआकारणी कुलूपबंद. खालच्या थराचं नाव सांगून वरचा थर विकणं ही जुनी युक्ती आहे, आणि खरेदी समित्या दरवेळी तिला फसतात. धोरणाचं परिपत्रक इथे तुम्हाला वाचवणार नाही, करार वाचवेल. सोर्स कोड, डेटाबेसची रचना, सर्व्हरवर उभारणीच्या सूचना आणि सगळा डेटा खुल्या स्वरूपात द्यायचं कलम त्यात आहे का, ते आजच बघा. ‘सगळं तुमचंच आहे साहेब’ याला किंमत नाही. कॉपीराइट कायद्यानुसार हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. कोड मिळालाच, तर झिप फाइल घेऊन पोच देऊ नका. कंत्राटदाराचा माणूस हाताशी नसताना दुसऱ्या सर्व्हरवर तो चालवून पाहा, मागच्या वर्षाची चार बिलं काढा आणि ताळा जुळतो का बघा. करारात मुभा असेल तर शेवटचं देयक तोवर थांबवा. हे सगळं निविदा काढतानाच लिहायचं असतं, मार्च तोंडावर आल्यावर नाही. विधी सल्लागाराकडे उद्या नाही, आज जा.

प्रश्न : जीपीएल या ओपन सोर्स परवान्याखालच्या कोडमध्ये बदल केले तर ते जाहीर करावे लागतात?

कार्यालयातच वापरलेत तर नाही. प्रत बाहेर दिलीत, तर घेणाऱ्याला कोडही द्यावा लागतो. एजीपीएल या त्याच्याच कडक भावंडात बदललेलं सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरणाऱ्यांचाही तो हक्क असतो. परवान्याची प्रत वकिलाला दाखवा.

प्रश्न : लिब्रेऑफिसला (वर्डच्या जागी वापरायचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) मराठी जमत नाही. जुनी पत्रं उघडली की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात.

दोष लिब्रेऑफिसचा नाही. पत्रं युनिकोडपूर्व फॉन्टात टंकलेली आहेत, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या; युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वर्डमध्येही हेच दिसेल. ई-गव्हर्नन्ससाठी युनिकोड हे २००९ पासून केंद्राचं मानक आहे. रूपांतराची साधनं आहेत, पण आधी थोड्या पत्रांवर चालवा. रफार, जोडाक्षरं आणि आकडे डोळ्यांनी ताडून बघा. मूळ फाइल अभिलेख शाखेला विचारल्याशिवाय पुसू नका.