चादरीच्या पट्टीतल्या चुण्या: रोलरला द्यायच्या आधी शिवण बघा

तुम्ही लिहिलंय की नवीन डबलबेडची चादर पहिल्याच धुण्यानंतर उशीकडच्या रुंद पट्टीत आकसल्यासारखी दिसते. इस्त्री केली की तासभर बरी असते, मग पुन्हा चुण्या, म्हणून आता लाँड्रीत रोलरवर (तापलेल्या रुळाखालून चादर सरकवून सपाट करणारं यंत्र) प्रेस करून घ्यायचा विचार आहे. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि चहा बाजूला ठेवून लिहायला बसले. निदान हे वाचून होईपर्यंत देऊ नका.

आधीच सांगते, मी शिंपी नाही, कापडाचं शिक्षणही नाही. घरातल्या चादरी, अभ्रे, पडदे स्वतः शिवते आणि या एका दुखण्याशी बरीच वर्षं झटापट केली आहे, एवढंच भांडवल. पाणी मारून इस्त्री करा, सुतीला जास्त गरम लागते वगैरे तुम्ही करतच असणार, ते सोडते.

मुळात तुमच्या पट्टीत सळ पडलाय की शिवण ओढली गेलीय, हे आधी बघा. पट्टी चांगली ओली करा, वीतभर अंतरावर दोन्ही हातांत धरा आणि ताणून सोडा. सोडल्यावर सपाट राहिली तर तो नुसता सळ आहे, घरच्या घरी जाईल. सोडल्याबरोबर कापड पुन्हा टाक्यांच्या रेषेपाशी गोळा झालं तर दोरा कापडापेक्षा आखूड झालाय. कारखान्यात दोरा ताणून शिवतात, धुतल्यावर तो ताण सोडतो आणि कापडाला बरोबर घेऊन आकसतो. दुकानात हे दिसत नाही, कारण नव्या कापडाला खळ असते. ती पहिल्या पाण्यात निघून जाते आणि खरं रूप बाहेर येतं. तुम्ही 'पहिल्याच धुण्यानंतर' म्हणालात ना, म्हणून मला शिवणीचाच संशय जास्त आहे.

तिसराही एक प्रकार असतो. पट्टीवर तिरक्या लाटा येतात, दोरीला पीळ घातल्यासारख्या. शिवताना मशीनचे दात खालचं कापड पुढे नेतात आणि वरचा थर मशीनच्या दाबपट्टीखाली (पायाखाली) मागे रेंगाळतो. दुमड अशी सरकत सरकत शिवली गेली की तो पीळ टाक्यांनी कायमचा बांधला जातो. त्यावर वाफेची इस्त्री फिरवा, दगड ठेवा, काही होत नाही. आडव्याउभ्या धाग्याला धरून न कापलेल्या चादरीत हे हमखास दिसतं.

आता लाँड्री. नाव घेत नाही, घेण्यासारखं काही नाही. आमच्याकडे गडद निळ्या चादरींचा एक संच होता, पॉलीकॉटन (सुती आणि पॉलिएस्टर मिसळलेलं), चार इंची पट्टी. बहिणीने दिलेला, म्हणून जपून वापरत होते. पट्टीत थोड्या चुण्या होत्या, तुमच्यासारख्याच. घरून कपडे नेणारी, ॲपवर बुकिंग घेणारी मोठी लाँड्री होती, म्हटलं यांच्याकडे मोठा रोलर असतो, एकदा सपाट होऊन येईल. रोलरचं काम असं की चादर सरळ आत सरकवली जाते. मधलं कापड ताठ जातं, पण आकसलेल्या पट्टीजवळ कापड जास्तीचं झालेलं असतं. त्याला जायला जागा नसते, मग ते स्वतःवर दुमडतं आणि तापलेल्या रोलरखाली तसंच दाबलं जातं. बाकीची चादर आरशासारखी सपाट होऊन आली आणि पट्टीवर बोटभर रुंदीचे, कडक, तिरके सळ. नखाने खरवडले तरी हलेनात.

काउंटरवर पहिलं उत्तर, 'मॅडम, कापडच तसं आहे.' दुसऱ्या खेपेला, 'शिवण खराब आहे.' ते अर्धं खरं होतं, पण घेताना दिसत नव्हती का? मग मला न विचारता चादरी परत आत नेल्या आणि आणखी गरम करून दाबल्या. आता सळाच्या जोडीला चकाकीही आली. गडद रंगावर ती अशी दिसते की अंधारातही लक्ष जावं. सुपरवायझर दुपारी भेटतील म्हणाले, दुपारी ते निघून गेलेले. शेवटी चादरीच्या खरेदीचं बिल मागितलं. भेटीत आलेल्या वस्तूचं बिल कुठून आणू? पावतीच्या मागे बारीक अक्षरांत जबाबदारी नाकारलेली होतीच. पुढच्या धुलाईत सवलत देतो म्हणाले. मी ती घेतली नाही, आजही राग येतो.

यातून निघालेला एक उपयोगी सल्ला: कुठेही देताना पट्टीचा फोटो काढून ठेवा आणि 'रोलर नको, हाताने इस्त्री' हे पावतीवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं आतल्या माणसापर्यंत पोचत नाही. भांडण लांबलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार तिथे नोंदवता येते. मी कंटाळून नोंदवली नाही, तुम्ही कंटाळू नका.

ती चकाकी का जात नाही, तर पॉलिएस्टरचा धागा जास्त तापला की मऊ होऊन चपटा होतो आणि तसाच थिजतो. त्यामुळे आधी लेबल बघा. लेबलवरच्या इस्त्रीच्या चित्रात तीन ठिपके म्हणजे २०० अंश सेल्सिअसपर्यंत, दोन म्हणजे १५०, एक म्हणजे ११०. पॉलीकॉटनला दोन ठिपक्यांच्या वर जाऊ नका. शुद्ध सुतीला तीन चालतात. लेबलच कापून टाकलं असेल तर शिवणीतून एखादा धागा काढून जाळून बघा. सुती कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून कडक गुठळी होते. (सिंकमध्ये, चिमट्यात धरून. आणि चादरीचाच धागा घ्या, शिलाईचा दोरा बहुतेक वेळा वेगळाच असतो.)

नुसता सळ असेल तर माझं ठाम मत, पट्टी इस्त्रीने नाही, वाळत घालताना सरळ होते. सुती धाग्यातले बंध पाण्यात सैल होतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्याच आकारात पुन्हा पक्के होतात. वॉशिंग मशीनमध्ये चादर तासभर गोळा होऊन पडली की निम्मी लढाई हरलात. स्पिन १२०० वर असेल तर ६०० वर आणा, वाळायला वेळ लागेल पण पीळ कमी बसेल. काढल्याबरोबर दोघांनी पट्टीची दोन टोकं धरून ओढायची, मग एकाने अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पट्टी धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत जायचं. पट्टीच्या आतली दुमड चिमटीत जाणवते. कुठे गुंडाळी झाली असेल तर तिथेच सोडवा, वाळल्यावर सुटत नाही.

आणि वाळत घालताना पट्टी उभी लोंबली पाहिजे. बहुतेक जण चादर अशी टाकतात की पट्टी खाली आडवी येते, मग पाण्याचं वजन तिला लांबीत ओढत नाही. चादरीची लांबी दोरीला समांतर ठेवा, म्हणजे पट्ट्या दोन टोकांना उभ्या येतात आणि स्वतःच्या वजनाने ताणल्या जातात. ९० बाय १०८ इंचांच्या चादरीला त्यासाठी नऊ फूट दोरी लागते. बाल्कनीतल्या पुलीच्या स्टँडवर तेवढी जागा नसते, तिथे चादर आधी पट्टीला पट्टी लावून दुमडा आणि मग टाका. पावसाळ्यात आमच्या ठाण्यात दोन दिवस काही वाळत नाही, तेव्हा पंखा पट्टीच्या बाजूला ठेवते.

थोडी ओलसर असतानाच इस्त्री, आधी पट्टी, तीही उलट बाजूने. घासायची नाही, दाबून उचलायची, आणि दुसऱ्या हाताने पट्टी लांबीत ताणून धरायची. पूर्ण कोरडी होईपर्यंत सोडायची नाही, तुमचं 'तासभर बरी' तिथेच अडत असेल. जुन्या हट्टी रेषेला एक भाग पांढरं व्हिनेगर आणि तीन भाग पाणी यात पंचा भिजवून, पिळून, वर ठेवून इस्त्री केली तर फरक पडतो. रंगीत चादरीला आधी कोपऱ्यात करून बघा. रंग गेला तर मला बोल लावू नका. इस्त्रीच्या टाकीत मात्र व्हिनेगर घालू नका. फॅब्रिक कंडिशनरने काही होत नाही, वास येतो फक्त. हातात धरायचे ते वाफेचे स्टीमर पट्टीसाठी पैशांचा चुराडा, तीन थरांना दाब लागतो.

शिवण ओढलेली किंवा पीळ पडलेला असेल तर दुसरा उपाय नाही, उसवा. उसवणीच्या हत्याराने टाके काढा, ब्लेड घेऊ नका. उसवलेली पट्टी ओली करून, उघडी इस्त्री करा, नव्याने सरळ दुमडा, टाचण्या लावा. चादर एकदोनदा धुतलेली आहे हे इथे फायद्याचंच, आकसायचं ते आकसून झालेलं असतं. टाका मोठा, तीन ते साडेतीन मिलिमीटर, वरच्या दोऱ्याचं टेन्शन सैल, बारीक विणीला ११ नंबरची नवी सुई. टेलरला देणार असाल तर हे सगळं सांगा आणि समोर चार बोटं शिवून दाखवायला लावा. माझ्याकडच्या काकांनी आधी 'चादरीला कोण एवढं बघतं' म्हणून उडवून लावलं, मग मोठ्या टाक्यात शिवलेला तुकडा ओला करून बघितला आणि गप्प शिवून दिलं.

नवीनच घ्यायची असेल तर मी तयार चादर घेतच नाही आता. इचलकरंजी, सोलापूरकडचं ९० इंच पन्ह्याचं सुती कापड मीटरवर मिळतं. ते आधी धुवून, वाळवून मगच शिवते. लांबीला पाच-सहा इंच जास्त घ्या, आकसण्यात जातात.

तुमची चादर दुकानातली की ऑनलाइन? ऑनलाइन असेल तर ओल्या पट्टीचा फोटो आजच काढून विक्रेत्याला पाठवा, उसवायच्या आधी. उसवलेली चादर कुणी परत घेत नाही. आणि लेबलवर किती ठिपके आहेत तेही इथे लिहा.