घरात तिघांना तीन वेगळ्या अ‍ॅलर्जी असतील तर रोज तीन वेगळे स्वयंपाक करावेत का?

नाही. एकच करा.

तुम्ही लिहिलंय की मोठ्याला दूध आणि अंडं चालत नाही, धाकटीला शेंगदाणे, नवऱ्याला गहू. आणि रात्री ओट्यापाशी उभं राहून रडू येतं. ते रडू माझ्या ओळखीचं आहे. आमच्या मुलाला दूध, अंडं, शेंगदाणे तिन्ही वर्ज्य, बायकोला कोळंबी आणि खेकडे. स्वयंपाक मी करतो. पहिली काही वर्षं मीही पातेल्यांवर पातेली चढवत होतो, आणि 'त्याचं वेगळं, आपलं वेगळं' यातच एक दिवस घात झाला.

मुलगा चार वर्षांचा होता. माझी थोरली बहीण राहायला आली होती. ताईचं मत पहिल्यापासून ठाम: एकासाठी सगळ्या घराने का सोसायचं? त्याचं त्याला वेगळं करून द्या, बाकीच्यांना नीट जेवू द्या. त्या दिवशी तिने सगळ्यांसाठी बिनअंड्याचं कस्टर्ड केलं आणि त्याच्यासाठी मुद्दाम वेगळ्या पातेल्यात, धुतलेल्या डावाने, बकरीच्या दुधाचं. डॉक्टरांच्या कागदावर 'गाईचं दूध' लिहिलं होतं ना, मग बकरीचं चालणारच. कागद तिने माझ्यापेक्षा नीट वाचला होता, हे कबूल करतो. फक्त गाईच्या आणि बकरीच्या दुधातली प्रथिनं इतकी सारखी असतात की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या दहापैकी नऊहून अधिक जणांना बकरीचंही बाधतं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, पण मी विचारलंच नाही.

निळ्या काठाची वाटी होती. पोरगं खुशीत, कारण पहिल्यांदाच त्याच्या वाटीत सगळ्यांसारखंच पांढरं काहीतरी होतं. चार चमचे खाल्ले आणि म्हणाला, "बाबा, जीभ चावतेय." मग ओठांच्या कडेने लाली, गळ्यावर गांधी, उलटी. मी काय केलं? खाजेचं सिरप पाजलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. अ‍ॅड्रेनलिनचं पेन, म्हणजे जोराची अ‍ॅलर्जी उठली की लगेच टोचायचं तयार इंजेक्शन, दोन हातांवर, कपाटात. सुईची भीती त्याला नव्हती, मला होती. तो खोकायला लागला, आवाज घोगरा झाला, तेव्हा कुठे चड्डीवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचलं. पाच मिनिटांत श्वास मोकळा झाला. तरी रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं, कारण ही लाट काही तासांनी परत येऊ शकते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला झापलं ते बरोबरच होतं. अंगावर गांधी आणि जोडीला उलटी किंवा श्वासाची तक्रार दिसली की थांबायचं नाही, आधी अ‍ॅड्रेनलिन. सिरपने खाज कमी होते, आवळलेला गळा त्याने सुटत नाही. तुमच्या घरी पेन नसेल तर स्वयंपाकाचं नंतर बघा, आधी ते लिहून घ्या.

ताई अजूनही म्हणते, "मी वेगळंच केलं होतं की." अगं, तेच तर! दुधाशिवायचं एकच काहीतरी सगळ्यांसाठी केलं असतं तर त्याला खास काही करायची गरजच पडली नसती. दोन पातेली आली की दोन डाव आले, दोन झाकणं आली, आणि कुठलं कोणाचं हे लक्षात ठेवणारं दमलेलं एकच डोकं.

तर आमची पद्धत अशी. मूळ पदार्थ सगळ्यांना चालेल असाच शिजतो. लोणी, चीज, उकडलेलं अंडं ज्याला हवं त्याने आपल्या ताटात वरून घ्यायचं, पातेल्यात काही पडत नाही. केकला एका अंड्याऐवजी जवसाची पूड एक मोठा चमचा, पाणी तीन मोठे चमचे. दहा मिनिटांत चिकट होतं. ऑम्लेटचं मात्र त्याने भागत नाही, नाद सोडा. पाकिटावर केसिन, केसिनेट, व्हे दिसलं की ते दूधच. आणि 'अंश असू शकतो' ही ओळ पुष्कळ देशांत ऐच्छिक असते, त्यामुळे ती नाही म्हणून पाकीट निर्धोक, असं धरू नका.

नवऱ्याला नेमकं काय आहे ते लिहिलं नाहीत. गव्हाची अ‍ॅलर्जी आणि सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा आजार) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीलिॲक असेल तर बार्ली आणि राय (गव्हासारखं धान्य, मोहरी नव्हे) हेही बंद. आणि हे सगळं नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवरून ठरवलं असेल तर पुन्हा विचारा. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे तो पदार्थ बाधतोच असं नाही. भाजलेल्या केकमधलं दूध-अंडं बऱ्याच मुलांना पचतं, पण ते डॉक्टरांसमोर तपासून, घरी नको.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. एकच स्वयंपाक म्हणजे घरातून सगळं हद्दपार करणं नव्हे. मी तेही केलं. आमची धाकटी झाली तेव्हा दोन वर्षं घरात शेंगदाणा येऊ दिला नाही, मोठ्या अभिमानाने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी 2000 साली धोका असलेल्या मुलांसाठी असाच सल्ला दिला होता आणि 2008 साली मागे घेतला. मग 2015 साली 640 बाळांवरचा लीप अभ्यास आला: पहिल्या वर्षातच शेंगदाणा सुरू केलेल्यांत त्याची अ‍ॅलर्जी सुमारे 81 टक्क्यांनी कमी. नशिबाने आमच्या धाकटीला काही निघालं नाही. आता तिचं पीनट बटर वरच्या फळीवर असतं, चमचा वेगळा, आणि खाऊन झालं की साबणाने हात. सॅनिटायझर चालत नाही, त्याने शेंगदाण्याचं प्रथिन निघत नाही.

"त्याच्यापायी हिला का वंचित ठेवतोस?" हे ताई तेव्हाच म्हणाली होती. तेवढं तिचं बरोबर होतं, आणि मी ते तिला अजून सांगितलेलं नाही. दोन पातेली मात्र तरीही नाहीच.